मावशींच्या राज्याचा अर्थसंकल्प

स्वतःच्या पैशावर जीव टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि दुसऱ्याच्या पैशावर जीव टाकणारी तर आमच्या कुवेतमध्ये दर वळणावर भेटत. पण जिथे आपलं घर नाही, शेत नाही, मतदारयादीत नाव नाही, अशा एका इवल्याशा डोंगरी राज्याच्या तिजोरीसाठी आयुष्यभर जगाशी भांडलेली बाई मला एकच भेटली, आणि ती नेमकी माझ्या बायकोची सख्खी मावशी निघाली. त्या राज्याचा अर्थमंत्री दर चार-दोन वर्षांनी बदलायचा. मावशी बदलल्या नाहीत. राज्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर हा मजकूर त्यांना वाचून दाखवावा लागेल, आणि पहिल्याच पानावर त्या माझ्या इतक्या चुका काढतील की दुसरं पान लिहायची हिंमत राहणार नाही.

मावशी मूळच्या नाशिकच्या, एम. कॉम. झालेल्या. काका इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. लग्नानंतर काकांना एका जलविद्युत प्रकल्पावर त्या डोंगरात नोकरी मिळाली आणि मावशी दोन ट्रंका, एक शेगडी आणि लोकरीचे तीन स्वेटर घेऊन त्यांच्या मागोमाग तिथे पोहोचल्या. राज्य नवीन होतं, शिकलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. मावशी शाळेत शिक्षिकेची जागा आहे का विचारायला सचिवालयात गेल्या, चुकून अर्थ खात्याच्या दारात शिरल्या आणि तिथल्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याने त्यांना एकच प्रश्न विचारला, "हिसाब जोड लेती हो?" दुपारपर्यंत मावशी अर्थसंकल्प शाखेत रुजू झाल्या होत्या, तात्पुरत्या. काकांना कुवेतची नोकरी लागेपर्यंत ती तात्पुरती नोकरी चालली. पत्र्याच्या छपराखाली, कोळशाच्या बुखारीभोवती बसून, हातमोजे घालून त्या राज्याचा अर्थसंकल्प लिहिला जायचा. मावशी सांगत, "खिडकी उघडली की आमचा निम्मा महसूल समोर दिसायचा. संत्र्याच्या बागा, वेलदोड्याचे उतार आणि खाली नदी. मुंबईच्या मंत्रालयातून काय दिसतं? समोरच्या इमारतीचं वाळत घातलेलं धुणं!"

मी एकदा मंत्रालयासमोर धुणं वाळत नसतं एवढं सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

मी कुवेतला आलो तो आखाती युद्धानंतर, नव्वदीच्या मधल्या काळात. जळलेल्या विहिरी केव्हाच विझल्या होत्या, भिंतींवरची गोळ्यांची भोकं बुजवली जात होती आणि तेल कंपन्यांना पुण्या-नाशिकचे इंजिनिअर हवे होते. पहिल्याच शुक्रवारी बायकोने मला मावशीकडे नेलं. फिंतासच्या मागे एगैला भागात एका कुवेती कुटुंबाच्या घराच्या वरच्या मजल्यावर ते दोघं राहत. भिंतीवर गणपती, त्याच्या शेजारी बर्फाच्या डोंगराचा एक भलामोठा फोटो. नवा जावई म्हणून काहीतरी बोलावं या हेतूने मी म्हणालो, "छान आहे. छोटंसंच राज्य आहे ना ते?"

काकांनी माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहिलं आणि ते पाणी आणायला आत गेले.

"छोटं?" मावशी म्हणाल्या. "कुणाच्या मानाने छोटं? जावईबापू, तुम्ही नकाशा बघता तो वरून. आमच्या राज्याला इस्त्री करून पसरलं ना, तर तुमच्या महाराष्ट्राच्या कडांबाहेर येईल!"

हे 'आमच्या' आणि 'तुमच्या' मला पुढे बरीच वर्षं छळत राहिलं. "आमच्याकडे यंदा महसूल बरा आहे," असं मावशी म्हणाल्या की नवा माणूस नाशिकच्या द्राक्षांची चौकशी सुरू करायचा आणि फसायचा. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाकडे त्या कधी ढुंकून पाहत नसत. "ज्यांच्याकडे समुद्र आहे त्यांनी काय अर्थसंकल्प करायचा!" असं त्यांचं म्हणणं. कुवेतबद्दल तर त्यांचं मत याहून कडक होतं. इथे जमिनीत नळी खुपसली की पैसा वर येतो, ह्याला जमाखर्च म्हणत नाहीत, ह्याला लॉटरी लागणं म्हणतात, असं त्या कोपऱ्यावरच्या बकालातल्या वाण्यापासून इमारतीच्या राखणदारापर्यंत सगळ्यांना सांगत. राखणदार इजिप्तचा होता. त्याला फक्त 'लॉटरी' हा शब्द कळे, आणि मावशी भेटल्या की तो आशेने हात आकाशाकडे उचलायचा.

घरचा कारभारही त्याच शास्त्रानुसार चाले. खर्च दोन प्रकारचा: योजनांतर्गत आणि योजनेतर. मुलीचं शिक्षण योजनांतर्गत. काकांच्या सिगारेटी योजनेतर, आणि त्यांवर दर वर्षी कपातसूचना येई. काकांना बूट हवे असले तर त्यांना पुरवणी मागणी मांडावी लागे, आणि ती मांडताना आधीच्या बुटांचं काय झालं ह्याचं समाधानकारक उत्तर द्यावं लागे. एकदा काकांनी मला हळूच सांगितलं, "मी काय करतो, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मागतो. उरलेले पैसे परत जाऊ नयेत म्हणून ती तेव्हा काहीही मंजूर करते." काका कमी बोलत. दिवसभर रिफायनरीच्या नियंत्रण कक्षात शेकडो काट्यांकडे पाहून आलेला माणूस घरी एकाच काट्याकडे लक्ष ठेवून असायचा, आणि तो काटा मार्च जवळ आला की लाल पट्ट्यात जायचा.

कारण मार्चमध्ये ते राज्य आपला अर्थसंकल्प मांडायचं. मावशींची त्या कचेरीतली एक जुनी मैत्रीण अजून नोकरीत होती. ती भाषणातले ठळक मुद्दे आधी फोनवर सांगायची आणि मग पुस्तकं पोस्टाने पाठवायची. पुढच्या शुक्रवारी मावशींच्या घरी आम्हा सगळ्यांना आमंत्रण असे. जेवणाचा बेत राज्याच्या परिस्थितीवर ठरायचा. शिल्लक असेल तर श्रीखंड-पुरी, तूट किरकोळ असेल तर मटार-उसळ, आणि तूट मोठी असेल तर चहा आणि बिस्किटं. आम्ही बायको-मुलांसह उपाशीपोटी जायचो आणि राज्याच्या आर्थिक स्थैर्यासाठी मनापासून प्रार्थना करायचो. 'मागे आलो तेव्हा तर शिल्लक होती' अशी कुरकुर केली तर उत्तर मिळे, "मागे दरडी कोसळल्या नव्हत्या."

या बैठकीत मावशींचे ठरलेले प्रतिस्पर्धी होते दादरचे एक गृहस्थ. हे एका बांधकाम कंपनीत फायनान्स मॅनेजर होते, अंगाने स्थूल आणि आवाजाने त्याहून. त्यांचं म्हणणं एकच. ते म्हणत, "मावशी, सगळं ठीक आहे, पण तुमचं राज्य जगतं कोणाच्या पैशावर? दिल्लीच्या. म्हणजे आमच्या. स्वतःचं उत्पन्न काय तुमचं?"

"अनुदान म्हणजे भीक नव्हे," मावशी चहाचा कप दाणकन ठेवत. "आमचं पाणी खाली मैदानात जातं, त्याचं बिल आम्ही कधी पाठवलंय? जंगल आम्ही राखायचं आणि पाऊस तुम्ही घ्यायचा. सात पोरांसाठी एक शाळा ठेवावी लागते आम्हाला, कारण आठवं पोर डोंगराच्या पलीकडे राहतं. तुमच्या दादरला एका इमारतीत सात शाळा भरतील!"

"पण स्वतःचं उत्पन्न?"

"मद्यावरचं शुल्क आहे. विजेची रॉयल्टी आहे. आणि लॉटरी आहे."

लॉटरीचं नाव निघताच गृहस्थांनी हातातलं बिस्कीट खाली ठेवलं. म्हणाले, "आमचे वडील घ्यायचे. तुमच्याच राज्याची. दर आठवड्याला, स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून. जन्मात एक रुपया लागला नाही."

मावशी उभ्या राहिल्या. पदर सारखा केला आणि दोन्ही हात जोडून, अजिबात न हसता म्हणाल्या, "राज्याच्या तिजोरीच्या वतीने मी त्यांचे आभार मानते." त्या दिवशी गृहस्थांना बिस्किटांबरोबर चिवडा मिळाला.

एका वर्षी ती पुस्तकं आलीच नाहीत. त्याऐवजी पार्सल ताब्यात घ्यायला हजर राहा, अशी टपाल कचेरीची चिठ्ठी आली. मी मावशींना गाडीतून घेऊन गेलो. काउंटरमागे स्वच्छ पांढऱ्या पायघोळ दिशदाशातला एक वयस्क अधिकारी बसला होता, हातात चहाचा छोटा पेला. त्याच्यापुढे मावशींचा अर्थसंकल्प उघडा पडला होता. अंकांनी भरलेली इतकी पानं पाहून तो बुचकळ्यात पडला होता. हे काय आहे, त्याने विचारलं. मावशींनी सांगितलं, बजेट. कुठल्या कंपनीचं? कंपनीचं नाही, राज्याचं. मुखपृष्ठावरच्या बर्फावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "जबल. हिंदी जबल."

अधिकाऱ्याने त्या डोंगराकडे कौतुकाने पाहिलं. मग त्याला एक जिव्हाळ्याची शंका आली. "पेत्रोल फी?" आहे का तिथे तेल?

"माफी," मावशी म्हणाल्या. नाही.

"गाज?" वायू?

"माफी."

"बहर?" समुद्र तरी?

"माफी."

अधिकाऱ्याने पेला खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि खऱ्याखुऱ्या दुःखाने म्हणाला, "मिस्कीन!" बिचारे!

मी डोळे मिटून घेतले. परक्या देशातल्या सरकारी अधिकाऱ्याशी आवाज चढवून बोलू नये, हे कुवेतमध्ये पाऊल ठेवल्या दिवशी प्रत्येकाला सांगितलेलं असतं. मावशींनाही सांगितलं असणार. "ला मिस्कीन!" त्या कडाडल्या. "अजिबात मिस्कीन नाही! मोया फी! पाणी आहे! नदी आहे! कहरबा फी, वीज आहे! वलद, बिन्त, सब मद्रसा! पोरं-पोरी सगळी शाळेत जातात! मिस्कीन कशाला?"

रांगेतले लोक दोन पावलं मागे सरकले. अधिकारी मात्र पुढे झुकला. "मोया हिलू?" त्याने विचारलं. गोडं पाणी?

"हिलू. बर्फाचं."

"बलाश?" फुकट?

"बलाश!"

त्याच्या देशात समुद्र उकळून पाणी करावं लागत होतं. त्याने मावशींसाठी खुर्ची मागवली, चहा मागवला, आणि चहा संपेपर्यंत त्या बर्फाचं पाणी कसं खाली येतं ते अर्धं हिंदीत, अर्धं हातवाऱ्यांनी समजून घेतलं. मग शिक्का मारला. परत येताना गाडीत मावशी विजयी मुद्रेने म्हणाल्या, "पाहिलंत? ह्याला एका चहात कळलं. दादरकरांना इतकी वर्षं कळत नाही."

मावशींचा खरा राग मात्र मार्च महिन्यावर होता. सरकारी वर्ष मार्चअखेर संपतं, आणि तोवर खर्च न झालेला पैसा परत जातो. हे ज्याने ठरवलं तो समुद्रकाठी बसलेला असणार, असं त्या म्हणत. कारण त्यांच्या राज्यात पैसा वरून यायचा तो थंडीत, तेव्हा रस्त्यांवर बर्फ. आणि रस्ते मोकळे व्हायचे तेव्हा वर्ष संपून पैसा परत गेलेला. अशाने नदीपलीकडच्या एका गावाचा पूल कितीतरी वर्षं राहिला होता. मावशी त्या कचेरीत होत्या तेव्हा ती रक्कम त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. पुढे दर वर्षी ती पुस्तकात यायची आणि दर वर्षी परत जायची. तोवर गावातली माणसं दोरावरून नदी ओलांडत होती, बाळंतिणीसुद्धा. हे सांगताना मावशींचा आवाज खाली यायचा आणि दादरचे गृहस्थही वाद घालत नसत.

मग दोन हजार तीनचा मार्च आला. पलीकडे इराकमध्ये युद्ध होणार हे दिसत होतं. सैन्याच्या गाड्यांच्या रांगा वाळवंटाकडे जात होत्या. लोक खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावत होते, एक खोली प्लास्टिकने बंद करून तिच्यात पाणी, बॅटऱ्या आणि ओले टॉवेल ठेवत होते. विमानाची तिकिटं मिळेनात. काका नियंत्रण कक्षातले, मी कारखान्यातला. आम्हाला जाता येणार नव्हतं. कंपन्यांनी कुटुंबांना मायदेशी पाठवा म्हणून सुचवलं. माझी बायको मुलीला घेऊन नाशिकला निघाली. मावशींचं तिकीटही काकांनी काढून आणलं. निघायच्या तीन दिवस आधी मावशींनी ते परत केलं.

"मावशी, वेड लागलंय का तुला?" माझी बायको रडायच्या बेतात आली होती. "इथे क्षेपणास्त्रं पडणार आहेत!"

"पडू देत. माझा अर्थसंकल्प आहे ह्या महिन्यात."

"अगं, तो तिकडे मांडणार ना! तू इथे बसून काय करणार?"

"मांडणाऱ्याला ऐकणारं कोणी नको? नाशिकला गेले तर तुझी आई मला लोणची घालायला बसवेल. फोन कोण उचलणार?"

टोरांटोहून त्यांच्या मुलीचा फोन आला. ती इंग्रजीत ओरडली, "आई, इट इज नॉट इव्हन अवर स्टेट!" मावशी शांतपणे म्हणाल्या, "मराठीत बोल, मग उत्तर देते," आणि फोन ठेवला. काकांनी दोन दिवस मनधरणी केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात टेकले. अर्थसंकल्पाच्या बाबतीत ते आयुष्यात एकही वाद जिंकले नव्हते.

काकांच्या कंपनीने कर्मचाऱ्यांना वायूपासून बचावाचे मुखवटे दिले होते, कुटुंबीयांना नाही. काका सकाळी कामावर जाताना आपला मुखवटा मावशींच्या उशीशेजारी ठेवून जायचे. ते बूट घालेपर्यंत मावशी तो डब्याच्या पिशवीत सरकवायच्या, आणि दुपारी डबा उघडला की तो तिथे निघायचा. रात्री पुन्हा घरी यायचा. दोघांपैकी कोणी त्याविषयी अवाक्षर काढत नसे. मला हे दिसलं कारण बायको गेल्यावर मी त्यांच्याकडेच राहायला गेलो होतो, आणि घरची मंडळी मुंबईला पाठवलेले दादरचे गृहस्थही एक सुटकेस घेऊन तिथेच आले होते. "मावशींच्या घरात वाद तरी होतील," ते म्हणाले. "रिकाम्या घरात फार शांत वाटतं."

भोंगे सुरू झाले. पहिल्या दिवशी आम्ही तिघं त्या बंद खोलीत शिरलो तेव्हा गृहस्थांनी सुटकेसही बरोबर आणली होती, आणि खरं सांगायचं तर मी पासपोर्ट. मावशी पोळपाट-लाटणं घेऊन आल्या होत्या, कारण कणीक भिजवून झाली होती. असे काही दिवस गेले. आणि एका दुपारी, भोंगा वाजून आम्ही दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबत असताना, मावशींचा मोबाइल वाजला. मैत्रीण होती. अर्थसंकल्प मांडून झाला होता.

"ये पीछे क्या बज रहा है?" मैत्रिणीचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"कुछ नहीं, तुम बोलो," मावशी म्हणाल्या. "तूट कितनी? हां. रस्ते? हां. और पुल का क्या? पुल के लिए कितना रखा?"

पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं. मावशींचा चेहरा उतरला. "बस इतना? इतने में तो रस्सी भी नहीं आएगी! किस मद में रखा है?" मग त्या थबकल्या. "फिर से बोलो. किस मद में? देखभाल-मरम्मत में?"

त्या आमच्याकडे वळल्या. बाहेर भोंगा चढत होता. "अहो, देखभाल-दुरुस्ती!" त्या ओरडल्या. "बांधकामाच्या सदरात नाही, दुरुस्तीच्या सदरात रक्कम आहे! जे बांधलंच नाही त्याची दुरुस्ती कशी असेल? पूल झाला! जावईबापू, पूल झाला!"

"मुंबईत असं सहज होऊ शकतं," दादरचे गृहस्थ कोपऱ्यातून म्हणाले. पण ते हसत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते. पलीकडून मैत्रीण सांगत होती की होय, पावसाळ्यानंतर काम पुरं झालं, तुला पुस्तक पाठवून चकित करणार होते. मावशी खाली जमिनीवर बसल्या आणि त्यांनी पदराने तोंड झाकून घेतलं. धोका टळल्याचा भोंगा झाला तरी आमच्यापैकी कोणी दार उघडलं नाही.

त्या शुक्रवारी तुटीचा अर्थसंकल्प असूनही आम्हाला साखरभात मिळाला. जेवताना गृहस्थांनी विचारलं, "मावशी, खरं सांगा. केवळ ह्या फोनसाठी थांबलात?"

"मग कशासाठी थांबणार?" मावशी म्हणाल्या आणि काकांच्या पानात आणखी भात वाढला.

पुढे एकदा, शर्कच्या मासळी बाजारातून येताना, मी काकांजवळ हा विषय काढला. युद्ध संपलं होतं, माझी बायको परतली होती. काका गाडी चालवत होते. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "माझ्यासाठी थांबते म्हणाली असती, तर मी तिला विमानात बसवूनच आलो असतो. म्हणून तिने राज्य मध्ये आणलं." थोडं पुढे गेल्यावर त्यांनी जोडलं, "मीही ओळखलं नाही असं दाखवलं. ओळखलं म्हटलं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. फार मानी आहे ती."

काका निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की ते पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला जातील. मावशींनी जाहीर केलं की आपण आपल्या राज्यात जाणार. बाहेरच्या माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही, असं त्यांच्या पुण्याच्या धाकट्या बहिणीने बजावलं. "बरोबरच आहे," मावशी म्हणाल्या. "उद्या तुम्ही पुण्याचे लोक येऊन सगळं विकत घ्याल. आम्ही भाड्याने राहू." चढउताराने काकांचे गुडघे दुखत, तरी काका गेले. गल्लीतले लोक आपापले हीटर आणि स्टॅबिलायझर दुरुस्तीला काकांकडे घेऊन येऊ लागले. मावशी दर अधिवेशनाला विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसू लागल्या. फोनवर विचारलं की सगळं उत्तम असायचं. रस्ता खचला, तर तो पुन्हा बांधण्यासाठीच खचला असायचा.

तिथल्या तिसऱ्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले.

मावशींना घेऊन येण्याची कामगिरी माझ्यावर आली. मी कुवेतहून रजा घेऊन थेट तिकडे गेलो. मार्च सुरू होता. मावशी वाळल्या होत्या, पण पाठ ताठ होती. मी विषय काढण्याआधीच म्हणाल्या, "उद्या सकाळी अर्थसंकल्प आहे. तुम्ही चला माझ्याबरोबर. पुण्याचं नंतर बोलू."

गॅलरीत आम्ही दोघंच होतो, आणि पेंगणारा एक शिपाई. अर्थमंत्री तरुण होते. त्यांनी भाषण सपाट आवाजात, मान वर न करता वाचलं. दोन-तीन सदस्य आपसांत बोलत होते. मावशी एकटक ऐकत होत्या, मधूनच मान हलवत. भाषण संपल्यावर जिन्यात मंत्र्यांची आणि आमची गाठ पडली. "आंटीजी, आपने पूरा सुना?" त्यांनी हसून विचारलं. "मेरी बीवी भी नहीं सुनती. कहाँ से आई हैं आप?"

"यहीं से," मावशी म्हणाल्या.

"नहीं, असल में?" त्यांनी विचारलं. विचारण्यात वाईट काही नव्हतं. साडी, नथीची खूण, बोलण्यातला सूर, सगळं दिसतच होतं.

मावशींनी हनुवटी वर उचलली. मला वाटलं, आता पार्सलच्या काउंटरवरचा तो दिवस पुन्हा उगवणार. "मैंने इस राज्य का बजट हाथ से लिखा है, साहब," त्या म्हणाल्या. "आपके पैदा होने से पहले. असल में मैं यहीं से हूँ."

मंत्र्यांनी हात जोडले आणि ते लगबगीने पुढे गेले. त्यांना उशीर होत होता.

घरी येताना चढावर एकदा थांबून मावशींनी माझा हात धरला. घरी मी पुण्याचा विषय काढला तेव्हा त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "ह्यांना डोंगर कधी आवडला नाही. पहिल्यांदा आले ते नोकरीसाठी, आणि दुसऱ्यांदा माझ्यासाठी. कधी म्हणाले नाहीत तसं. म्हणाले असते तर मी भांडले असते, पुण्याला चला म्हणाले असते." त्या खिडकीशी गेल्या. "त्यांना इथे आणून ठेवलंय मी. आता कुठे जाऊ?"

मी पुण्याला फोन करून सांगितलं की मावशी येत नाहीत. पलीकडून त्यांच्या बहिणीने मलाच दोष दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला जीपच्या अड्ड्यावर सोडायला आल्या. जीप भरेपर्यंत आम्ही चहा घेतला. नाशिकची, माझ्या मुलीच्या परीक्षेची, दादरच्या गृहस्थांच्या मधुमेहाची चौकशी झाली. राज्याची अवस्था मी विचारली तेव्हा उत्तम आहे म्हणाल्या. दोन नव्या शाळा आणि एक दवाखाना. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी आत बसलो. मावशींनी खिडकीच्या काचेवर हात ठेवला, शाल कानांवरून घट्ट ओढली, आणि कोणी ऐकत नाही ना असं इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या,

"इथे थंडी फार आहे हो."